आधी पत्रा

तांबोळी साहेबांच्या शर्टाच्या खिशात पेन नसायचं, सहा इंची स्टीलची पट्टी असायची. पेन ते समोर येईल त्याचं मागून घेत. पट्टी मात्र कुणाला देत नसत. मी एकदा मागितली तर म्हणाले, "जगतापराव, काय मोजायचंय ते सांगा, मी येऊन मोजतो. पट्टी पडली, वाकली, तर कळायचं बी न्हाई, आन् पुढं सगळं वाकडंच मोजलं जायचं."

मी कुरकुंभच्या एमआयडीसीत, औषधाची पावडर बनवणाऱ्या एका कंपनीत, गुणवत्ता तपासणीच्या खात्यात आहे. नमुना घ्यायचा, त्यातला ओलावा मोजायचा, आकडा रजिस्टरात चढवायचा आणि खाली सही करायची, हे माझं काम. बावीस वर्षं झाली. एवढ्या काळात हुशार माणसं बरीच पाहिली. पण ज्याच्याबरोबर आपण एका छपराखाली काम केलं हे घरी मुलांना अभिमानानं सांगावं, असं माझ्याकडे एकच नाव आहे.

आमची ओळख एका ट्रेमुळे झाली. ओली पावडर वाळवायला आमच्याकडे ड्रायर आहे. ड्रायर म्हणजे एक मोठं लोखंडी कपाट समजा. त्यात अठ्ठेचाळीस ट्रे बसतात. ट्रेमध्ये पावडर काठोकाठ पसरायची, दार लावायचं आणि डाव्या अंगानं गरम वारा सोडायचा. तो ट्रेंवरून वाहत जातो आणि उजव्या अंगानं बाहेर पडतो. बारा तासांत पावडर वाळते. साहेब रुजू झाले त्याच आठवड्यात असा एक रिकामा ट्रे काखेत मारून माझ्या टेबलापाशी आले.

"ह्याची लांबी तुमच्या कागदात किती?"

मी फाइल काढून सांगितलं, "आठशे मिलिमीटर."

त्यांनी खिशातली पट्टी काढली. ती पुढे पुढे सरकवत, दर खेपेला पेन्सिलीची बारीक खूण करत त्यांनी ट्रे मोजला. "सातशे शहाण्णव. चार मिलिमीटर कुणी खाल्ले?"

"चारानं काय फरक पडतो, साहेब?"

"पडत न्हाई," ते म्हणाले. "पण पडत न्हाई, हे मोजल्यावर म्हणायचं असतंय."

मी आकड्यांत राहणारा माणूस आहे. घरचं दूधसुद्धा मापून घेतो म्हणून बायको हसते. पण त्या दिवशी मला माझ्याहून वरचा माणूस भेटला.

ते मूळचे शिरूरचे. वडील आठवडे बाजारात विड्याची पानं विकत. साहेबांनी डिप्लोमा केला, आधी बॉयलरवर फिटर, मग एका कॉलेजच्या प्रयोगशाळेत मदतनीस, असं करत करत चाळिशी ओलांडल्यावर आमच्याकडे आले. आठवडाभर दौंडला भाड्याच्या खोलीत राहायचे आणि सुटीला मोटरसायकलनं शिरूरला जायचे. शुक्रवारी दुपारी नमाजाला जाण्यासाठी अर्धा तास बाहेर पडायचे. तो अर्धा तास त्यांना कुणी विचारला नव्हता, तरी संध्याकाळी थांबून भरून काढायचे आणि वेळेच्या रजिस्टरात स्वतः लिहायचे. रोज्यांच्या महिन्यातही दुपारी कॅन्टीनमध्ये आमच्या टेबलावर येऊन बसायचे. आम्ही संकोचलो की म्हणायचे, "जेवा हो. माझा उपास हाय, तुमचा न्हाई." आकडेमोड मराठीतून चालायची. कॉम्प्युटर अडला की मात्र त्याला हिंदीतून सुनवायचे. बारा वर्षांच्या जुन्या कॉम्प्युटरला ते "मियाँ" म्हणत. "मियाँ, खाके आये हो ना? फिर चलो."

या कॉम्प्युटरवर ते वाऱ्याचं गणित करत. हे त्यांनी कुठल्या वर्गात शिकलेलं नव्हतं. फुकट मिळणारं सॉफ्टवेअर उतरवून घेऊन, त्याची इंग्रजी पुस्तिका छापून, दौंडच्या खोलीवर रोज चार पानं याप्रमाणे वाचून काढली होती. कामाची पद्धत अशी, की ज्या जागेतून वारा जातो तिचं चित्र कॉम्प्युटरमध्ये काढायचं, त्या जागेचे हजारो बारीक चौकोन पाडायचे, आणि प्रत्येक चौकोनात वाऱ्याचा वेग किती हे कॉम्प्युटरकडून काढून घ्यायचं. चौकोनांना ते "घरं" म्हणत. शेवटी पडद्यावर रंगीत चित्र येतं. जोराचा वारा लाल, संथ वारा निळा.

त्या चित्रावर ते कधीच लगेच विश्वास ठेवत नसत. त्यांचा एक नेम होता. कुठलंही नवं काम हातात आलं की त्यासाठी पाडलेली घरं घेऊन आधी एका सपाट पत्र्यावरून वारा सोडून पाहायचा. नुसता पत्रा, बाकी काही नाही. कारण सपाट पत्र्यावरून वारा कसा वाहतो, याचं उत्तर शंभराहून अधिक वर्षं कागदावर तयार आहे आणि ते पक्कं आहे. कॉम्प्युटरचं उत्तर त्या कागदाशी जुळलं तरच पुढे जायचं. "ज्याला पत्रा येत न्हाई, त्याला ड्रायर कुठनं येणार?" असं म्हणायचे. खात्यात कुणी घाई केली की त्यांचं उत्तर दोन शब्दांचं असे. "आधी पत्रा."

पुण्याहून एकदा एक तरुण सल्लागार आमच्याकडे आला होता. त्यानं मोठ्या पडद्यावर आमच्या धूळ ओढणाऱ्या पाइपचं चित्र दाखवलं. लाल-पिवळे झोत असे वळत होते की सगळे खुर्चीत पुढे सरकले. तांबोळी साहेब शेवटच्या रांगेत होते. सगळ्यांचं बोलून झाल्यावर त्यांनी हात वर केला. "चित्र लई छान हाय. सपाट पत्र्यावर जुळवून बघितलंय का?" सल्लागार म्हणाला, इतक्या प्राथमिक गोष्टीची गरज पडत नाही. साहेब म्हणाले, "मग कॅलेंडरला लावू. तारखा तेवढ्या बरोबर छापा." चहाच्या वेळी मात्र त्याच पोराजवळ जाऊन बसले आणि तासभर त्याला वही उघडून समजावत राहिले. तो जाताना त्यांच्या पाया पडला, हे मी पाहिलं आहे.

पत्र्यात एवढं काय असतं, हे मी त्यांना एकदा विचारलं. आम्ही कंपनीच्या बसमधून दौंडला येत होतो.

"शिरूरचा बाजार बघितलाय का तुम्ही?" त्यांनी विचारलं.

"बघितलाय."

"मी ल्हान होतो तवा अब्बांच्या पाटीमागं बसून दिवसभर माणसांचे पायच बघायचो. दुकानाच्या फळीला टेकलेलं माणूस उभंच असतंय. त्येला घासून जाणारं हळू चालतंय. त्येच्या पल्याडचं जरा जोरात. आन् पार मधी असंल ते सरळ निघून जातंय, त्येला दुकानाचा पत्ताच न्हाई. वाऱ्याचं तेच हाय. पत्र्याला चिकटलेला वारा थांबलेला असतोय. त्यो वरच्याला धरून ठेवतोय, वरचा त्येच्या वरच्याला. असा एक संथ थर तयार हुतोय."

"किती जाड?"

माझा हा प्रश्न त्यांना फार आवडला. "आत्ता कसं बोललात. बाजाराच्या तोंडाशी पातळ, आत जाल तसा जाड. काठापासनं सोळापट आत गेलात की थर चौपट. आपल्या ट्रेवर सुरुवातीला पाच सेंटिमीटरवर बघाल तर साडेतीन मिलिमीटर. पल्याडच्या टोकाला, ऐंशीवर, चौदा." बसच्या खिडकीच्या काचेवर त्यांनी बोटानं एक रेघ काढली, डावीकडे काचेच्या कडेला टेकलेली आणि उजवीकडे वर वर जाणारी. धुळीत ती रेघ पुढे आठवडाभर टिकली. मी रोज त्याच जागेवर बसायचो.

आता जे सांगायचं आहे ते सोपान ठोंबरे यांचं. सोपानराव ड्रायरवर ऑपरेटर. निमोण्याचे. त्यांच्या आधीच्या पिढ्या मेंढरांमागे फिरत. वडिलांनी जमीन धरून शेती सुरू केली, तरी दावणीला चार मेंढ्या अजून आहेत. कंपनीत त्यांची अकरा वर्षं झाली होती. थोरली मुलगी बारावीला. अबोल माणूस. हजेरीत खाडा नाही, कामात कसूर नाही.

त्या वर्षी आमच्या दोन लॉटांची गोदामातून तक्रार आली. पावडरीत ओलावा जास्त निघाला आणि ड्रममध्ये गोळे झाले. चौकशी सुरू झाली. उत्पादन विभागाचे मॅनेजर काळे साहेब यांनी ड्रायरच्या पॅनेलची नोंद काढली. दार केव्हा उघडलं, केव्हा लावलं, हे त्या पॅनेलमध्ये आपोआप नोंदलं जातं. बारा तास दार बंद ठेवायचं हा नियम. नोंदीत दिसलं की कित्येक लॉटांत सहा तासांच्या सुमाराला दार वीस-वीस मिनिटं उघडं होतं, आणि दरवेळी पाळी सोपानरावांची होती.

त्यांना बोलावलं. त्यांनी कबूल केलं. "व्हय साहेब, मीच उघडतो. ट्रे काढतो आन् फिरवून लावतो. डावं टोक उजवीकडं. पल्याडच्या अंगाला माल वला राहतोय."

"कुणाला विचारून?"

"कुणाला न्हाई. हात लावला की कळतंय. पल्याड गार लागतंय."

काळे साहेब वाईट माणूस नव्हते, पण "गार लागतंय" हे त्यांना वर लिहून पाठवता येत नव्हतं. त्यांनी तांबोळी साहेबांना सांगितलं, ट्रेवर वारा सगळीकडे सारखा लागतो की नाही हे कॉम्प्युटरवर बघून शुक्रवारपर्यंत अहवाल द्या. सोमवारी सोपानरावांची चौकशी ठेवली होती. नियम मोडून माल खराब केला हे सिद्ध झालं असतं, तर त्यांची नोकरी जाणार हे सगळ्यांना माहीत होतं.

शुक्रवारी अहवाल गेला. चित्रात ट्रे या टोकापासून त्या टोकापर्यंत जवळपास एकाच रंगाचा होता. वारा सगळीकडे सारखा, वाळणं सगळीकडे सारखं. खाली सही तांबोळी. म्हणजे ट्रे फिरवायची गरज नव्हती, आणि दार उघडून गरम हवा घालवल्यामुळेच माल ओला राहिला, असा सरळ अर्थ निघाला. काळे साहेबांनी अहवाल त्याच दिवशी वर पाठवला.

शनिवारी दुपारी आम्ही दोघं कॅन्टीनमध्ये होतो. सोपानराव चहाचा कप घेऊन टेबलापाशी आले आणि उभेच राहिले. साहेबांनी बसा म्हटलं तरी बसले नाहीत.

"साहेब, भांडायला न्हाई आलो. तुमचं शिक्षान हाय, माझं न्हाई. फकस्त एक इचारायचंय. तुमचा कॉम्प्युटर म्हंतोय समदीकडं सारखं वाळतंय. मग माझा हात पल्याड गार का लागतोय?"

साहेबांनी कप खाली ठेवला. ते सोपानरावांच्या हाताकडे बघत होते. मग म्हणाले, "ओलं असंल तरच गार लागंल."

"तेच म्हंतोय मी."

"चला," साहेब म्हणाले आणि उठले.

ड्रायर त्या वेळी रिकामा होता. साहेबांनी मेंटेनन्समधून जाड, पारदर्शक प्लास्टिकचा एक तक्ता आणवला आणि दाराच्या जागी बसवला, म्हणजे पंखा चालू असताना आत दिसावं. मग सोपानरावांना विचारलं, "एकदम हलकं काय मिळंल? दोऱ्यापरीस हलकं?"

सोपानराव त्यांच्या लॉकरकडे गेले आणि थंडीत पाळीला येताना अंगावर घ्यायची घोंगडी घेऊन आले. आईनं कातलेल्या लोकरीची. तिच्या काठाची एक दशी सोडवून त्यांनी बारीक तंतू वेगळे करून दिले. साहेबांनी ट्रेमध्ये पुठ्ठा घालून तो काठाच्या पातळीला आणला, त्यात टाचण्या उभ्या केल्या आणि पट्टीनं मोजून, पुठ्ठ्यापासून बरोबर दोन मिलिमीटरवर एकेक तंतू बांधला. एक वाऱ्याकडच्या टोकाला, पाच सेंटिमीटरवर. एक पल्याडच्या टोकाला. तिसरा तिथंच, पण पंधरा मिलिमीटर उंचीवर. बांधताना त्यांच्या कपाळावर घाम होता आणि हात अगदी स्थिर होता.

पंखा चालू केला. वाऱ्याकडचा तंतू ताठ झाला, ओढलेल्या तारेसारखा. पल्याडचा, पंधरा मिलिमीटरवरचा, तोही ताठ. आणि त्याच्याखाली दोन मिलिमीटरवर बांधलेला तंतू पुठ्ठ्यावर पडून होता. मधूनच शेपूट हलवल्यासारखा हलायचा आणि पुन्हा पडायचा.

मग सोपानराव म्हणाले, "मेंढीला बी कळतंय म्हणायचं." साहेब हसले नाहीत.

ते टेबलाकडे गेले, मियाँ सुरू केला आणि शुक्रवारची फाइल उघडली. मी शेजारी उभा होतो. पाच मिनिटांत त्यांना सापडलं. घाईत त्यांनी धूळ ओढणाऱ्या पाइपच्या आपल्याच जुन्या कामातली घरं तशीच उचलली होती. त्या मोठ्या पाइपला ती चालली होती. ट्रेला लागून असलेलं पहिलं घर दहा मिलिमीटर उंच होतं. आणि ट्रेवरचा संथ थर निम्म्या ट्रेपर्यंत दहा मिलिमीटरही जाड होत नाही. तो सगळा त्या एका घरात मावून गेला होता. कॉम्प्युटरनं त्या घरातल्या थांबलेल्या आणि पळत्या वाऱ्याची सरासरी काढून एकच आकडा दिला होता.

"साहेब, पत्रा?" मी विचारलं.

"न्हाई केला," ते म्हणाले. "नऊ वर्षांत ह्या एकाच खेपंला न्हाई केला."

तीच घरं घेऊन त्यांनी पत्रा आता केला. उत्तर कागदाच्या जवळपासही आलं नाही. मग ट्रेलगत अर्ध्या मिलिमीटरची घरं पाडून पुन्हा पत्रा केला. जुळला. मग ट्रे. या खेपेला चित्रात डाव्या काठाला चिकटलेली आणि उजवीकडे वर वर जाणारी एक निळी पाचर दिसली. बसच्या काचेवर काढलेली तीच रेघ.

त्या सुटीला ते शिरूरला गेले नाहीत. मला म्हणाले, "जगतापराव, माझ्यावर आता भरवसा ठेवू नका. तुमच्या रजिस्टरात काय हाय ते बघा." मी रविवारी माझं ओलाव्याचं रजिस्टर आणि पॅनेलची दाराची नोंद शेजारी शेजारी मांडली. आश्चर्य म्हणजे हे आधी कुणी केलं नव्हतं. रजिस्टर माझ्या खात्यात, पॅनेल दुसऱ्या खात्यात, दोघांची गाठच पडली नव्हती. यात माझीही चूक धरतो. शिवाय आमचा नमुना आम्ही ट्रेच्या मधोमध घेत होतो, पल्याडच्या टोकाचा कधीच नाही. पण भरलेल्या ड्रमचा ओलावा आम्ही वेगळा मोजतो, तो कामी आला. तीन महिन्यांत सव्वीस लॉट. दार उघडलेले एकोणीस. त्यात ओलावा एकाचाही तीन दशांश टक्क्यांच्या वर नव्हता. दार न उघडलेले सात. पाच कसेबसे पास, दोन नापास. नापास झालेले ते दोन म्हणजेच तक्रार आलेले. त्या दोन्ही दिवशी सोपानराव गावी होते, रजेवर.

मी आकडे दोनदा तपासले. मग कोऱ्या कागदावर उतरवून खाली सही केली.

सोमवारी मीटिंग हॉलमध्ये सात माणसं होती. सोपानराव दाराजवळच्या खुर्चीत टोपी मांडीवर घेऊन बसले होते. काळे साहेबांनी अहवाल वाचायला घेतला, तसे तांबोळी साहेब उभे राहिले.

"तो अहवाल माझा आहे आणि तो चुकीचा आहे," ते म्हणाले. त्या दिवशी ते पुस्तकी मराठीत बोलले. "तो मी परत घेतो."

काळे साहेबांनी वाचणं थांबवलं. "अहो, तो मी वर पाठवलाय."

"मग चुकीचा होता, हेही वर कळवावं लागेल. पत्र मी लिहून आणलंय."

"शुक्रवारी बरोबर, सोमवारी चूक. मग बुधवारी पुन्हा बदलाल."

"चुकलेला दिसला तर बुधवारीही बदलीन."

"आज चुकलेला नाही कशावरून?"

"आज पत्रा केलाय," साहेब म्हणाले. आणि मग त्यांनी आपलं नवं चित्र दाखवलंच नाही. खिशातून एक कागदी पुडी काढली, तिच्यातला लोकरीचा तंतू टेबलावर ठेवला आणि शनिवारी काय पाहिलं ते सांगितलं. नंतर माझा कागद वाचायला लावला. मी उभं राहून सव्वीसच्या सव्वीस लॉट वाचले. आकडा एकही चुकला नाही.

शेवटी ते सोपानरावांकडे वळले. "ह्यांनी नियम मोडला, हे खरं आहे. पण नियम लिहिताना ट्रेला हात कुणीच लावला नव्हता. माल यांच्यामुळे खराब झाला नाही. जो वाचला तो यांच्यामुळे वाचला."

काळे साहेबांनी माझा कागद ओढून घेतला आणि बराच वेळ बोट ठेवून ठेवून वाचला. मग सोपानरावांना म्हणाले, "ठोंबरे, चला, ड्रायरला. मला दाखवा कुठं गार लागतं ते." माणूस म्हणून मी त्यांनाही त्या दिवशी मानलं.

सोपानरावांवरचा आरोप मागे घेतला गेला. ड्रायरच्या कामाच्या नियमांत नववी पायरी वाढली: सहा तासांनी ट्रे काढून उलट दिशेनं लावावेत. तांबोळी साहेबांना मात्र एक मेमो मिळाला, यापुढे अहवाल देताना काळजी घ्यावी म्हणून. मला राग आला होता. त्यांनी मेमो शांतपणे वाचला, पोचल्याची सही केली, तारीख घातली. "मेमो बरोबर हाय," मला म्हणाले. "काळजी घेतली नव्हती."

शुक्रवारचं ते चुकीचं चित्र त्यांनी छापून आणलं आणि आपल्या टेबलासमोरच्या भिंतीवर लावलं. त्याखाली लाल पेनानं, माझ्याच, लिहिलं: "चूक. पहिलं घर १० मिमी. पत्रा केला नाही." आणि खाली पूर्ण सही. येणारा-जाणारा, बाहेरचे तपासनीससुद्धा, ते वाचत. एका तपासनिसानं विचारलं, हे कशाला लावलंय? ते म्हणाले, "बरोबर आलेली चित्रं फायलीत हायत. ती कुणी बघत न्हाई."

गेल्या मार्चमध्ये ते निवृत्त झाले. हॉलमध्ये शाल, नारळ, भाषणं झाली. त्यांना बोलायला सांगितलं तर म्हणाले, "मियाँला बदलू नका, अजून चालतोय," आणि खाली बसले. टेबल आवरताना मी मदतीला होतो. वह्या पिशवीत गेल्या, डबा गेला, शिरूरच्या घरचा फोटो गेला. भिंतीवरचं चित्र काढायला मी हात वर केला, तर म्हणाले, "ते राहू द्या. नव्या माणसाला लागंल."

जाताना ड्रायरकडून गेले. सोपानरावांची पाळी होती आणि ट्रे फिरवायची वेळ झाली होती. साहेबांनी हातमोजा घालून एका ट्रेच्या पल्याडच्या टोकाला पावडरीवर तळवा टेकवला. सोपानराव बघत होते.

"गार हाय," साहेब म्हणाले.

"फिरवल्यावर न्हाई राहायचं," सोपानराव म्हणाले. "या साहेब. निमोण्याला या. रस्त्यातच हाय."

गेटवर आमच्याकडे प्रत्येकाची पिशवी तपासतात, मग तो कुणीही असो. पहारेकरी बिहारकडचा, नवा होता. त्यानं डबा उघडला, वह्या चाळल्या आणि कंपासपेटीतली कागदी पुडी काढली. आत लोकरीचा एक तंतू.

"सर, ये क्या है?"

"हवा देखने का मशीन है," साहेब म्हणाले.

पहारेकऱ्यानं गंभीरपणे तंतू पाहिला, मग साहेबांना पाहिलं. "मशीन है तो गेटपास लगेगा, सर."

मी पुढे होऊन त्याला समजावणार होतो, पण साहेबांनी मला हातानं थांबवलं. "बरोबर बोलतोय तो. मशीन हाय तर गेटपास पाहिजेच. सही तुमचीच चालती न्हवं, जगतापराव? लिवा."

मी केबिनमधून गेटपासचं पुस्तक मागवलं आणि गेटच्या टेबलावर वाकून लिहायला लागलो. वस्तू: लोकरीचा तंतू. नग: एक. परत आणायचा: नाही. लांबीचा रकाना आला. मी अंदाजानं लिहिलं, चार बोटं.

साहेबांनी ते वाचलं. खिशातली पट्टी काढली, तंतू टेबलावर सरळ केला, एक टोक शून्यावर धरलं आणि दुसऱ्या टोकावर डोळा बारीक केला.

"बहात्तर मिलिमीटर," ते म्हणाले. "खोडा ते, आन् खोडल्याजागी सही करा."

मी खोडलं, सही केली, बहात्तर लिहिलं. त्यांनी पुडी पेटीत ठेवली, पेटी पिशवीत ठेवली, पट्टी खिशात ठेवली आणि सकाळी मागून घेतलेलं माझं पेन मला परत दिलं. मग मोटरसायकल चालू करून ते शिरूरकडे निघाले.